गरम पाण्याची कुंडं आणि पडके कोट: मुंबईहून एका सुट्टीत

सुट्टी एकच असेल तर पाणी आधी आणि दगड नंतर. किल्ला काही पळून जात नाही. पण गरम पाण्याच्या कुंडात सकाळी सातला उतरणं आणि अकराला उतरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अकराला ऊन डोक्यावर आलेलं असतं, गरम पाणी अंगाला नको होतं, आणि तोवर निम्मी भिवंडी आणि निम्मं विरार कुंडात उतरलेलं असतं.

मी नर्स आहे, राहायला बोरिवलीला. आमची सुट्टी रविवारी येईलच असं नाही, ड्यूटीचा तक्ता लागेल तशी. त्यामुळे बुधवारी-गुरुवारी भटकायची सवय लागली आणि ती फायद्याची ठरली. सोबत बहुधा सासूबाई (आम्ही त्यांना आईच म्हणतो), शेजारच्या काकू आणि वॉर्डातल्या एकदोघी. म्हणजे गुडघे, बीपी, शुगर असा सगळा गोतावळा बरोबर. ट्रेकिंगवाल्या मुलांच्या माहितीत 'वीस मिनिटांची सोपी चढण' असं लिहिलेलं असतं. कोणाला सोपी, ते लिहिलेलं नसतं. खालचं सगळं आमच्यासारख्यांसाठी आहे: सकाळी डबा घेऊन निघायचं, रात्रीच्या कुकरला घरी परत.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी आणि मग वसईचा किल्ला

एकच सहल करणार असाल तर ही करा. तानसा नदीच्या काठची गरम पाण्याची कुंडं आणि वसईचा किल्ला यांचा एकमेकांशी जुना संबंध आहे. थोरल्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या वसईला वेढा घातला तेव्हा वज्रेश्वरीला नवस बोलले, असं सांगतात: किल्ला हाती आला तर तुझं देऊळ किल्ल्यासारखं बांधीन. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि देऊळ उभं राहिलं. म्हणून वज्रेश्वरीच्या देवळाचा दरवाजा, त्यावरचा नगारखाना आणि भोवतीचा तट देवळापेक्षा गढीचा वाटतो. दोन्ही एकाच दिवशी पाहिले की हे डोळ्यांनी पटतं.

जायचं कसं, तर विरारपर्यंत लोकल. सकाळी बोरिवलीहून विरारकडे जाणारी गाडी म्हणजे सुख, सगळं जग उलट दिशेला धावत असतं आणि आपल्याला खिडकी मिळते. विरारहून वज्रेश्वरीला एसटी आहे, पण दोन्ही टोकं एका दिवसात करायची तर बसच्या वेळांवर विसंबू नका. पाच-सहा जणी असाल तर विरार स्टेशनबाहेर एखादी इको गाडी ठरवा, जायची आणि पुढे वसईला सोडायची अशी बोली करून. अंतर साधारण सत्तावीस किलोमीटर. हायवेवर शिरसाड फाट्याला गाडी आत वळते, पुढे उसगाववरून रस्ता आहे. ठाण्या-कल्याणकडच्यांनी भिवंडी, अंबाडी नाक्यावरून यावं, त्यांना विरारचा हेलपाटा नको.

वज्रेश्वरी गावात न थांबता आधी अकलोलीला जा, दीडेक किलोमीटर पुढे. देवी रागावत नाही. उलट आंघोळ करून दर्शनाला जाणं हेच आईंच्या मते बरोबर, आणि याबाबतीत तरी माझं नि त्यांचं जमतं.

अकलोलीला नदीकाठी रामेश्वराच्या देवळाजवळ कुंडं आहेत. दगडी, चौकोनी, आत उतरायला पायऱ्या. सगळ्या कुंडांचं पाणी सारखं तापलेलं नसतं, एकात बिनधास्त बसता येतं तर शेजारच्यात पाय टाकला की चटका बसतो. इथे माझ्यातली नर्स जागी होते. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या तळपायांची जाणीव पुष्कळदा कमी झालेली असते. पाय बुडवून पाण्याचा अंदाज घेणं त्यांना धोक्याचं, कारण पायाला गरम लागतच नाही आणि कातडी मात्र भाजते. लहान बाळाचं आंघोळीचं पाणी आपण कसं बघतो, तसं हाताच्या कोपराने बघायचं. कोपराला सोसलं तरच पुढे.

नेहमी येणाऱ्या गावच्या बायका कशा आंघोळ करतात ते जरा बघा, शिकण्यासारखं आहे. त्या एकदम आत उतरत नाहीत. वरच्या पायरीवर बसून आधी तांब्याने पायांवर पाणी घेतात, मग गुडघ्यांवर, मग पाठीवर. गुडघ्यावर ओतताना दुसऱ्या हाताने वाटी चोळत राहतात. पाच-सात मिनिटांनी एक पायरी खाली सरकतात. थंडीच्या दिवसांत पहाटे पाण्यावर वाफ धरलेली असते, पलीकडचा माणूस दिसत नाही, नुसता तांब्याचा आवाज येतो. त्या वाफेत आमच्या काकू, ज्या घरी बाथरूमच्या उंबऱ्याला घाबरतात, त्या तीन पायऱ्या उतरून गळ्यापर्यंत बसल्या होत्या आणि वर यायला तयार नव्हत्या. ओढून काढलं. कारण दहा-पंधरा मिनिटांच्या वर बसायचं नाही. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं, आणि माणूस झटक्यात उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येऊन तिथेच आपटतो. बाहेर येताना आधी पायरीवर बसा, थोडं पाणी प्या, मग उठा. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी, हृदयाचं दुखणं असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच उतरावं, आणि गरोदर बायकांनी नुसते पाय बुडवून समाधान मानावं. भरल्या पोटी नको. उघडी जखम असेल तर नकोच, तुमच्यासाठीही आणि पाण्यात बसलेल्या इतरांसाठीही.

कपड्यांचं सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. बायकांना सगळीकडे आडोसा मिळेलच असं धरून चालू नका. जुना, गडद रंगाचा पंजाबी ड्रेस घालून उतरावं, गाऊन पाण्यात फुगतो. वरून घ्यायला एक जुनी साडी ठेवा, दोघींनी धरली की कपडे बदलायची खोली तयार. प्लॅस्टिकचा मग, रबरी तळाच्या चपला (पायऱ्यांवर शेवाळं असतं), आणि ओल्या कपड्यांसाठी जाड पिशवी. साबण-शॅम्पू घरीच ठेवा. तिथे शॅम्पूच्या रिकाम्या पुड्या बघून जीव तुटतो.

पाणी गरम का, याची गावची गोष्ट अशी की देवीने राक्षस मारले, त्यांचं रक्त म्हणजे हे पाणी. परशुरामाने इथे यज्ञ केला म्हणून जमीन तापली, असंही सांगतात. भूगर्भवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो केव्हाच थंड झाला, त्याची ऊब आता शिल्लक नाही. पावसाचं पाणी कातळातल्या खोल भेगांतून खाली मुरतं. खाली जाल तसं जमिनीचं तापमान किलोमीटरमागे पंचवीस-तीस अंशांनी वाढत जातं, तिथे ते पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. अशा झऱ्यांची रांगच आहे, पालघरपासून थेट रत्नागिरीतल्या राजापूरपर्यंत. पाणी किंचित खारट लागतं. 'गंधकाचं पाणी, सगळे रोग बरे होतात' असं तिथला प्रत्येक जण सांगेल. आखडलेल्या सांध्यांना गरम पाण्याने बरं वाटतं हे खरं, आणि ते एक-दोन दिवस टिकतंही. त्यासाठी चालू असलेली औषधं बंद करायची नाहीत, एवढं ध्यानात ठेवा. आणि तोंडात पाणी घेऊ नका.

पावसाळ्यात तानसा भरून वाहते, काठावरची कुंडं पुराच्या पाण्याखाली जातात. जून ते सप्टेंबर तिकडे कुंडासाठी जाऊच नका, आणि कोणत्याही महिन्यात नदीच्या डोहात उतरू नका. वरून शांत दिसतो, तळ दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम.

अकलोलीला गर्दी असली तर गणेशपुरीला वळा, वज्रेश्वरीपासून दोनेक किलोमीटर. भीमेश्वराच्या देवळाला लागून तिथली कुंडं आहेत आणि एकंदर शिस्त अधिक आहे. नित्यानंद महाराजांची समाधी इथेच, १९६१ ची. दर्शनाला आलेली माणसं असतात त्यामुळे दंगा कमी, पिकनिकवाली पोरं कमी. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर मी गणेशपुरीच सुचवीन. पोरंबाळं असतील तर अकलोली.

नाश्ता आंघोळीनंतर. गावात मिसळ, वडापाव, चहा सगळं मिळतं, पण गरम पाण्यातून बाहेर आल्यावर जी भूक लागते तिला घरची थालीपिठं आणि दही लागतं, असं माझं मत. सोबत मीठ-साखर-लिंबाचं पाणी न्या. घाम किती गेला ते पाण्यात कळत नाही.

मग वज्रेश्वरीचं दर्शन. बावन्न पायऱ्या आहेत. गुडघेवाल्यांनी कडेने, दहा-दहाच्या टप्प्यांनी चढावं. चढताना एका पायरीवर सोनेरी कासव आहे, त्याला हळदकुंकू वाहिलेलं असतं, त्यावर पाय पडू देऊ नका. मंगळवार, शुक्रवार, रविवार, नवरात्र आणि चैत्री अमावास्येची जत्रा सोडून कधीही गेलात तर अर्ध्या तासात दर्शन होतं. नगारखान्याखालून बाहेर पडताना वळून दरवाजा नीट बघून ठेवा, दुपारी वसईला लागणार आहे.

रस्त्याच्या कडेला आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात. मे महिन्यात करवंदं, ताडगोळे, जांभळं. पहिला पाऊस पडला की शेवळं ही रानभाजी. शेवळं घेणार असाल तर त्याच बाईकडून काकडं पण मागून घ्या, हिरवी आवळ्याएवढी आंबट फळं. त्यांचा रस घातल्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. भाव करू नका. दोन जुड्यांसाठी ती बाई कुठल्या रानात फिरलेली असते ते आपल्याला माहीत नसतं.

वसईला पोचायला दीड तास धरा. हायवेवर कोंडी लागली तर दोन. किल्ल्यात साडेतीन-चारच्या आधी शिरण्यात अर्थ नाही, आत ऊन मरणाचं असतं आणि चारनंतर उजेड तिरपा होऊन भिंतींवरचं कोरीव काम उठून दिसतं. त्या आधी वसई गावात जेवून घ्या, आणि केळीवाल्याकडे सुकेळी विचारा. इथली राजेळी केळी वाळवून करतात, चिकट, गोड, आठवडाभर टिकणारी. प्रवासात याहून चांगला खाऊ नाही.

किल्ला प्रचंड आहे, शंभर एकरांच्या वर. सगळा पाहायचा हट्ट धरलात तर काहीच धड पाहून होणार नाही. एक डांबरी रस्ता किल्ल्यातून थेट किल्लाबंदरच्या कोळीवाड्यापर्यंत जातो. वसई रोड स्टेशनवरून तिथवर बस आणि रिक्षा दोन्ही आहेत. म्हणजे ज्यांना चालवत नाही त्यांनाही रिक्षातून बरंच दिसतं. आम्ही करतो ते असं: जमिनीकडच्या दरवाजाशी उतरायचं. दरवाजा सरळ नाही, आत शिरल्यावर काटकोनात वळावं लागतं, हत्ती नि फौज एका दमात घुसू नये म्हणून. सकाळच्या नगारखान्याची आठवण इथे काढायची. आई तिथे बसूनच राहतात, चालेल.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं होतं. त्यामुळे आत किल्ल्यापेक्षा शहर जास्त आहे: चर्च, मठ, चौक, इस्पितळ, तुरुंग. छपरं गेलेली, भिंती उभ्या. जेझुइट या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या चर्चचा दर्शनी भाग सगळ्यांत देखणा, फोटो तिथेच काढतात सगळे. मला मात्र फ्रान्सिस्कन या दुसऱ्या पंथाचं चर्च आवडतं. तिथे जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. पायाखाली बघत चला. नावं, तारखा, कुळाची ढालीवरची चिन्हं, अक्षरं गुडघ्यावर बसून बोटाने चाचपता येतात. दगडावर पाणी ओतून अक्षरं उठवू नका, खडूने घासू तर अजिबात नका. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती आपोआप वाचता येतात, नाहीतर मोबाइलची बत्ती जमिनीला लावून आडवी धरा.

मराठ्यांनी तटाखाली सुरुंग लावून बुरूज उडवले. त्या धुमश्चक्रीत दोन्हीकडची माणसं हजारांनी गेली. विजयानंतर चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या: नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक. पुढे १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही या वसईतच. चिमाजी अप्पांनी कमावलेल्या जागी पुतण्याच्या मुलाने मराठी राज्य गहाण ठेवलं. हे सांगताना काकू दरवेळी त्याला दोन शिव्या घालतात.

तिथल्या मनोऱ्यांत अरुंद गोल जिने आहेत. पोरं चढतात. तुम्ही चढू नका, पायऱ्या झिजलेल्या आहेत आणि वर कठडा नाही. विहिरींच्या काठाशीही जपून, झुडपांत तोंड लपलेलं असतं. अंधाराच्या आत किल्ल्यातून बाहेर पडायचं, बायका-बायकाच असाल तर साडेपाचनंतर आतल्या बाजूला रेंगाळू नका. शेवटी दर्या दरवाजातून किल्लाबंदरच्या धक्क्यावर जा. बोंबील वाळत घातलेले असतात, वास सोसत असेल तर तिथला चहा चांगला. परतीची लोकल पुन्हा गर्दीच्या उलट, बसायला जागा मिळते.

कान्हेरी: पाऊस संपता संपता

वज्रेश्वरी थंडीची, तर कान्हेरी सप्टेंबर-ऑक्टोबरची. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, आमच्या घराच्या मागेच म्हणा ना. सोमवारी बंद असतं. तिकिटं दोन लागतात, उद्यानाचं गेटवर आणि लेण्यांचं वर, तेव्हा सुटे पैसे आणि मोबाइल दोन्ही ठेवा, वर रेंज जाते-येते. गेटपासून लेणी सहाएक किलोमीटर, बस आहे, सायकलीही भाड्याने मिळतात. सायकलीने जाणाऱ्यांनी शेवटचा चढ विसरू नये.

शंभरावर लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून पुढे हजार-अकराशे वर्षं माणसं इथे राहत, खोदत आली. बहुतेक जण तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यात (बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात) जातात, व्हरांड्यातल्या दोन बाजूंच्या उंच बुद्धांसमोर फोटो काढतात आणि उतरतात. हा चैत्य गजसेन आणि गजमित्र या दोघा व्यापारी भावांनी खोदवला, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात. तो बघाच. पण कान्हेरीत खरं बघायचं ते पाणी.

प्रत्येक विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याच्या, दाराशी एका बाजूला कातळात एक चौकोनी तोंड दिसेल, आत हौद. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय, आणि अमक्याने पोढी दान दिली असे लेख ठिकठिकाणी आहेत. सोपारा, कल्याण, नाशिक अशा गावच्या माणसांनी इथे दानं दिली आहेत. आता वर बघा: दाराच्या माथ्यावर, कातळाच्या उतारावर बोटभर ते वीतभर रुंदीच्या पन्हाळी खोदलेल्या आहेत. डोंगरावर पडलेलं पाणी त्यांतून फिरवून हौदात सोडलेलं. पाऊस नुकताच येऊन गेला असेल तर एका पन्हाळीतलं वाहतं पाणी बघा, ते कुठून वळतं, कुठे थांबतं, कुठल्या हौदात पडतं. पोरांना याहून चांगला भूगोल दुसरा नाही. मुंबईत चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडं. शेकडो भिक्षूंना ते आठ महिने याच पन्हाळींनी काढून दिले. आमच्या सोसायटीत पावसाचं पाणी साठवायची मीटिंग अजून चालूच आहे.

गुडघे दुखत असतील तर पहिल्यापासून अकराव्या लेण्यापर्यंत जा. ती सगळी खालच्या अंगाला आहेत, आणि अकरावं म्हणजे दरबार लेणं, लांबलचक दगडी बाकांचं, बसून डबा खावासा वाटतो पण आत खायचं नाही. तब्येत बरी असेल तर एक्केचाळिसाव्यात अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर (बौद्धांचा बोधिसत्त्व) आहे, त्याला गाठा. नव्वदाव्या लेण्यात इराणी पाहुण्यांनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेली आपली नावं आहेत, १००९ आणि १०२१ सालची. 'बबलू आणि पिंकी' लिहिणाऱ्यांचे पूर्वज. त्यांनी निदान तारीख तरी घातली.

माकडं प्लॅस्टिकची पिशवी ओळखतात. कापडी पिशवीला सहसा हात लावत नाहीत. डबा पाठपिशवीत, पिशवीची चेन पुढच्या बाजूला. उद्यानात बिबटे आहेत, तेव्हा पायवाट सोडून झाडीत शिरणं नाही आणि सूर्य कलायच्या आत गेटवर. भर पावसात कातळ तेल लावल्यासारखा होतो, म्हणूनच म्हटलं पाऊस संपता संपता.

नालासोपारा: अर्ध्या दिवसाचं काम

लोकल विरारकडे जाताना ज्या स्टेशनावर चढायला-उतरायला जीव मुठीत धरावा लागतो, ते गाव म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. पश्चिमेला उतरून शेअर रिक्षाने सोपारा गावात जा आणि 'स्तूप' विचारा. जुनी माणसं त्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात. विटांचा गोल ढिगारा, भोवती कुंपण, नारळाची झाडं. पाहायला काय, दहा मिनिटं. म्हणून जाण्याआधी गोष्ट माहीत हवी.

१८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथे खोदलं तेव्हा आत दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक डब्या: तांब्याच्या, चांदीच्या, स्फटिकाच्या, सोन्याच्या. सगळ्यांच्या आत भांड्याच्या खापऱ्या, बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या. भोवती आठ बुद्धांच्या काशाच्या मूर्ती. हा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. त्याच वर्षी गावात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, पुढे १९५६ मध्ये जवळच भुईगावला नवव्याचा.

आठव्या लेखात काय आहे, ते मला फार आवडतं. पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रा करत, शिकारी करत. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षं झाली तेव्हा बोधिवृक्षाला जाऊन आला, आणि पुढे त्याच्या सहली म्हणजे म्हाताऱ्या माणसांना भेटणं, दानं देणं, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणं. म्हणजे सहल कशी करावी याच्यावरचा सरकारी आदेशच नालासोपाऱ्यात सापडला. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा शिलालेख ठेवलाय. स्तूप सकाळी, संग्रहालय दुपारी असा दिवस लावला तर स्तूपाचा ढिगारा नुसता ढिगारा राहत नाही. जाता जाता चक्रेश्वराच्या देवळात डोकवा, तिथे तळं आहे आणि ब्रह्मदेवाची उभी मूर्ती, जी सहसा कुठे बघायला मिळत नाही.

आणखी तीन, थोडक्यात

अंबरनाथचं शिवमंदिर कोकणातल्या शिलाहार राजघराण्याचं, शके ९८२, म्हणजे १०६० साल. स्टेशनच्या पूर्वेला, रिक्षाने दहा मिनिटं. गाभारा जमिनीखाली आहे, साधारण वीस पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर शिखर पुरं झालेलं नसल्याने आत आकाश दिसतं. बाहेरच्या भिंतींना एक फेरी घालायला निदान अर्धा तास द्या, वीतभर जागा कोरायची सोडलेली नाही. महाशिवरात्रीला जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. शेजारून वालधुनी वाहते. नाक धरून बघावं लागतं, त्याचं काय बोलावं.

पालीच्या बल्लाळेश्वराला जाणारच असाल तर तीन-चार किलोमीटरवर उन्हेऱ्याची गरम कुंडं आहेत. बायकांचं नि पुरुषांचं कुंड वेगळं, त्यामुळे कपड्यांचा वर सांगितलेला खटाटोप कमी. पण मुंबईहून रस्ता लांबचा, साडेपाचला घर सोडायला हवं, आणि संकष्टी-चतुर्थीला पालीत गाडी लावायला मिळत नाही.

आणि ज्यांना अख्खी सुट्टीच मिळत नाही त्यांच्यासाठी बाणगंगा. वाळकेश्वरला, समुद्रापासून दगड मारला तर पोचेल इतक्या अंतरावर गोड पाण्याचा झरा. चौकोनी तळं, चारी बाजूंनी पायऱ्या, दीपमाळा, भोवती देवळं आणि धर्मशाळा. आजचं तळं १७१५ च्या सुमारास रामा कामतींनी नव्याने बांधवलं. चर्नी रोड किंवा ग्रँट रोडला उतरून वाळकेश्वरची बेस्टची बस पकडा, शेवटी उतार पायऱ्यांचा आहे, येताना तोच चढ होतो. संध्याकाळी शाळा-ऑफिस सुटल्यावरही होतं. भाद्रपदात पितृपंधरवड्यात तिथे श्राद्धाची गर्दी असते, तो पंधरवडा सोडून जा.